बोटापासून फुग्यापर्यंत : द्विदल झडपेच्या आकुंचनावरील उपचारांचा इतिहास

१. प्रास्ताविक

वैद्यकाच्या इतिहासात एखादे नवे साधन यशस्वी ठरले, की इतिहासाचा आरंभ त्या साधनापासूनच मानण्याकडे लेखकांचा कल होतो. आधीचे प्रयत्न मग केवळ पूर्वपीठिका म्हणून उरतात आणि त्या प्रयत्नांतून हाती आलेले तत्त्व साधनाच्या तेजापुढे फिके पडते. हृदयाच्या अरुंद झालेल्या झडपा फुगा बसविलेल्या कॅथेटरने मोकळ्या करण्याच्या उपचाराविषयी असेच घडले आहे. १९८२ साली जपानी शल्यचिकित्सक कान्जी इनोउए यांनी आपला फुगा प्रथम रुग्णाच्या हृदयात नेला व १९८४ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेथून या उपचाराची कथा सांगण्याचा प्रघात आहे.

वस्तुतः फुग्याने जे कार्य केले ते नवे नव्हते. तेच कार्य १९२५ साली लंडनमध्ये एका शल्यचिकित्सकाच्या बोटाने केले होते आणि १९४८ नंतर जगभर हजारो रुग्णांवर ते बोटानेच होत राहिले. तेव्हा या इतिहासाचा खरा विषय साधन हा नसून एक तत्त्व हा आहे : रोगाने चिकटलेली झडप कापावयाची नसते, ती जेथे चिकटली आहे तेथेच उकलावयाची असते. हे तत्त्व कसे गवसले, ते कसे हातचे निसटले, पुन्हा कसे प्रस्थापित झाले आणि फुग्याच्या रूपाने त्याची परीक्षा कोठे झाली, याचा मागोवा घेणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे. या परीक्षेची स्थाने यूरोप-अमेरिकेपेक्षा दिल्ली, हैदराबाद, रियाध आणि मोनास्तीर येथे अधिक आढळतात, ही गोष्ट योगायोगाची नाही, हेही त्यातून स्पष्ट व्हावे.

२. विकृतीचे स्वरूप

डाव्या अलिंदातून डाव्या निलयात रक्त जाऊ देणारी व उलट फिरू न देणारी झडप दोन दलांची असते. प्रौढ व्यक्तीत तिचे द्वार साधारणतः ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. बालपणी घशाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा संसर्ग झाल्यानंतर काही मुलांना संधिज्वर होतो. सांध्यांची सूज ओसरते, परंतु हृदयाच्या झडपांवर दाहाचा ठसा राहतो. पुढील काही वर्षांत दोन दलांच्या कडा जेथे एकमेकींना भेटतात त्या दोन्ही टोकांना चिकटत जातात, दले जाड होतात, त्यांना खालून धरणारे तंतू आखडतात आणि द्वार आकसते. ते दीड चौरस सेंटिमीटरच्या खाली गेले म्हणजे विकार तीव्र मानला जातो. रक्त अलिंदात तुंबते, त्याचा दाब फुप्फुसांवर येतो, धाप लागते, काहींच्या थुंकीतून रक्त पडते. अलिंदात गुठळी होऊन ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो.

या विकाराची दोन वैशिष्ट्ये इतिहासकाराने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिले असे, की येथील अडथळा मूलतः यांत्रिक आहे. दले जेथे चिकटली ती शिवण उसवली तर रक्ताचा मार्ग मोकळा होतो. दुसरे असे, की हा दाटीच्या वस्त्यांचा व अपुऱ्या औषधोपचाराचा रोग आहे. समृद्ध देशांत घरांची स्थिती सुधारली, पेनिसिलिन उपलब्ध झाले व विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो तेथे विरळ झाला. भारतात त्याने उलट आपले अधिक उग्र रूप दाखविले. १९६३ मध्ये सुजय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात दाखवून दिले, की पाश्चात्त्य ग्रंथांत प्रौढ वयाचा म्हणून वर्णिलेला हा विकार भारतात वीस वर्षांखालील मुलांतही तीव्र स्वरूपात आढळतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे आकारमान सुमारे निम्म्याने वाढते व नाडी जलद होते. ते ओझे अरुंद द्वाराला पेलत नाही. त्यामुळे तोवर धापेकडे दुर्लक्ष करीत घरकाम उरकणाऱ्या अनेक तरुण स्त्रियांचा हा विकार प्रथम गर्भारपणातच उघडकीस येतो. आई व मूल या दोघांचे जीवित एका लहानशा द्वारावर अवलंबून असते.

३. कल्पनेचा उदय आणि तिचा पराभव (१८९८–१९२९)

१८९८ मध्ये इंग्रज वैद्य डॅनियल सॅमवेज यांनी या झडपेचे द्वार शस्त्रक्रियेने किंचित मोकळे करता येईल, असे भाकीत केले होते. १९०२ मध्ये सर लॉडर ब्रंटन यांनी तोच विचार अधिक स्पष्टपणे मांडला. रोगट झडपांचे मृतदेहांवर परीक्षण करून त्यांनी एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला : द्वार मोठे करताना त्याची नैसर्गिक फट तिच्या टोकांकडे लांबवावी, की दले मधोमध आडवी छेदावी? पुढील पन्नास वर्षांचा सारा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरात सामावलेला आहे. परंतु त्या वेळी प्रश्नाकडे कोणी लक्ष दिले नाही. ज्या 'लॅन्सेट'मध्ये ब्रंटन यांचे टिपण आले त्यातच संपादकीय नापसंती प्रकट झाली आणि विषय मागे पडला.

या उपेक्षेमागे केवळ शस्त्रक्रियेची भीती नव्हती. एक सिद्धान्तही होता. जेम्स मॅकेंझी व टॉमस लुइस हे त्या काळातील हृद्‌रोगविज्ञानाचे अध्वर्यू. त्यांच्या मते झडपेच्या विकृतीपेक्षा हृदयाच्या स्नायूची दुर्बलता महत्त्वाची होती. हे मत मान्य केले तर झडप मोकळी करणे म्हणजे मूळ रोग सोडून लक्षणाशी झगडणे ठरे. शल्यचिकित्सकाकडे रुग्ण पाठविणे वैद्याच्या हाती असल्यामुळे हा सिद्धान्त व्यवहारात निर्णायक ठरला.

२० मे १९२३ रोजी बॉस्टन येथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात इलियट कटलर यांनी, वैद्य सॅम्युएल लेव्हाइन यांच्या सहकार्याने, एका लहान मुलीच्या हृदयात निलयाच्या बाजूने बारीक सुरी घालून झडपेची दले छेदली. ती मुलगी चार वर्षांहून अधिक काळ जगली. या यशाने उत्साह वाढला, परंतु कटलर यांनी ब्रंटनच्या प्रश्नाचे चुकीचे उत्तर निवडले होते. पुढे त्यांनी दलाचा तुकडाच कापून काढणारे एक उपकरण योजिले. अरुंद द्वार मोठे झाले खरे, पण झडप मिटेनाशी झाली व रक्त उलट वाहू लागले. एका व्याधीच्या जागी दुसरी, आणि तीही अकस्मात आलेली, हृदयाला सहन होईना. पुढील रुग्ण एकामागून एक दगावले. १९२९ मध्ये कटलर व क्लॉड बेक यांनी तोवरच्या शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला, तो या प्रयत्नांचा समारोपच ठरला.

या अपयशाच्या मध्यंतरी योग्य उत्तर मिळून गेले होते, ही या कथेतील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. ६ मे १९२५ रोजी लंडन हॉस्पिटलमध्ये हेन्री सटर यांनी एका तरुण मुलीच्या डाव्या अलिंदाच्या कानासारख्या पिशवीला छेद देऊन आपले बोट आत घातले. धडधडत्या हृदयात झडप प्रत्यक्ष स्पर्शाने तपासली आणि सुरी न वापरता बोटानेच द्वार रुंदावले. रुग्ण बरी होऊन घरी गेली. सटर यांचा मार्ग अलिंदाचा होता, म्हणजे जेथे रक्त तुंबते त्या बाजूचा. त्यांचे साधन बोथट होते, म्हणून ते निरोगी भाग सोडून जेथे कमी विरोध तेथे, म्हणजे चिकटलेल्या कडांत शिरले. शिवाय त्या बोटाला स्पर्शज्ञान होते. यश मिळाले, तरी वैद्यांनी त्यांच्याकडे या कामासाठी दुसरा रुग्ण पाठविला नाही. यशस्वी प्रयोग एकाकी राहिला आणि अयशस्वी प्रयोगांवरून साऱ्या कल्पनेचाच निकाल लावला गेला. तत्त्व सापडले होते. ते तत्त्व आहे हे ओळखणारे कोणी नव्हते.

४. १९४८ : तत्त्वाची पुनःप्राप्ती

मध्यंतरीच्या दोन दशकांत परिस्थिती पालटली. भूल देण्याचे शास्त्र सुधारले, रक्तपेढ्या निघाल्या, पेनिसिलिन आले. दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्कन यांनी शंभराहून अधिक सैनिकांच्या हृदयातून व हृदयानजीकच्या भागांतून बंदुकीच्या गोळ्या व धातूचे तुकडे काढले आणि ते सर्व रुग्ण वाचले. हृदयाला हात लावताच मृत्यू ओढवतो हा समज त्यामुळे ढासळला.

१९४८ हे वर्ष या दृष्टीने संस्मरणीय ठरले. १० जून रोजी फिलाडेल्फियातील चार्ल्स बेली यांनी दोन निरनिराळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया योजिल्या होत्या. त्यांचे आधीचे रुग्ण वाचले नव्हते आणि सहकाऱ्यांचा विरोध तीव्र झाला होता; एकाच दिवशी दोन ठिकाणी शस्त्रक्रिया ठेवण्याचे कारण हेच, की पहिलीच्या निकालाने दुसरी थांबविली जाऊ नये. सकाळचा रुग्ण दगावला. नंतरची रुग्ण, चोवीस वर्षांची स्त्री, वाचली. सहा दिवसांनी बॉस्टनमध्ये हार्कन यांना व सप्टेंबर महिन्यात लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांना यश आले. दक्षिण कॅरोलिनातील होरेस स्मिदी यांनी त्याच वर्षी जानेवारीत अशी शस्त्रक्रिया केली होती. ते स्वतः महारोहिणीच्या अरुंद झडपेचे रुग्ण होते व त्याच विकाराने त्याच वर्षी वयाच्या ३४ व्या वर्षी वारले.

या शल्यचिकित्सकांनी आपल्या कृतीला दिलेली नावे भिन्न होती आणि ती भिन्नता उद्‌बोधक आहे. ब्रॉक यांच्या शब्दात केवळ झडपेचा छेद अभिप्रेत होता, हार्कन यांच्या शब्दात झडपेची घडण सुधारण्याचा भाव होता, तर बेली यांनी दलांच्या संधिस्थानाची उकल असा नेमका अर्थ व्यक्त करणारी 'कमिशुरॉटमी' ही संज्ञा वापरली. बेली यांच्या बोटाला आवश्यक तेथे आकडीसारखी लहान सुरी जोडलेली असे, परंतु तीही दलांवर नव्हे, संधिस्थानावरच चालवावयाची, हा दंडक त्यांनी घालून दिला. ब्रंटनच्या प्रश्नाला १९४८ मध्ये असे निश्चित उत्तर मिळाले. पुढे निलयाच्या बाजूने घालावयाचा, दोन पाती उघडणारा विस्तारक आला व बोट त्याला मार्ग दाखवू लागले. हृदय न थांबविता, ते न उघडता केलेली म्हणून हिला 'बंद' पद्धती म्हणतात.

५. भारतातील बंद पद्धती

भारतात ही शस्त्रक्रिया फार लवकर पोहोचली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभीच ती सुरू केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अमेरिकन शल्यचिकित्सक रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. त्याच संस्थेतून स्टॅन्ली जॉन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये बंद पद्धतीच्या लागोपाठच्या ३,७२४ रुग्णांचा दीर्घकालीन वृत्तान्त प्रसिद्ध केला. एकाच संस्थेतून आलेला एवढा मोठा अनुभव जगात अन्यत्र क्वचितच आढळेल.

या काळात पाश्चात्त्य देशांत वेगळा प्रवाह सुरू झाला होता. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राचा यशस्वी उपयोग केला. १९६० मध्ये आल्बर्ट स्टार यांनी अभियंता लोवेल एडवर्ड्‌स यांच्या सहकार्याने घडविलेली कृत्रिम झडप द्विदल झडपेच्या जागी बसविली. हृदय उघडून डोळ्यांदेखत काम करणे शक्य झाल्यावर तेथे बंद पद्धती झपाट्याने मागे पडली. भारतात ती टिकली, कारण यंत्राचा खर्च, रक्ताची टंचाई आणि रुग्णांची संख्या यांचा मेळ बसत नव्हता. धातूची कृत्रिम झडप बसविल्यावर रक्त गोठू न देणारे औषध जन्मभर घ्यावे लागते व त्यासाठी रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. खेड्यातील तरुण स्त्रीला ते दुर्घट, गर्भारपणात तर विशेषच धोक्याचे. तेव्हा आपलीच झडप शक्य तितकी वर्षे वापरता येणे हे येथील रुग्णांच्या दृष्टीने अधिक हिताचे होते. पुढील घटनाक्रम समजण्यासाठी बंद पद्धतीचे हे भारतातील दीर्घायुष्य लक्षात ठेवले पाहिजे.

६. कॅथेटरचा स्वतंत्र प्रवास

बोटाची जागा घेणारे साधन शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर तयार होत होते. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या जर्मन तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातील नीलेतून कॅथेटर हृदयापर्यंत नेला व क्ष-किरण चित्राने ते सिद्ध केले. आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी त्यावरून हृदयातील दाब मोजण्याचे शास्त्र उभारले व १९५६ मध्ये तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ मध्ये मेक्सिकोतील रुबियो-आल्वारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅथेटरमधून तार घालून फुप्फुस-रोहिणीची झडप छेदण्याचा प्रयत्न केला. निदानाचे साधन उपचाराचे साधन होऊ शकते, हा विचार त्यात प्रथम दिसतो.

डाव्या अलिंदात पोहोचण्याची अडचण १९५९ मध्ये सुटली. जॉन रॉस व कॉन्स्टँटिन कोप यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जांघेतील नीलेतून उजव्या अलिंदात जाऊन दोन अलिंदांमधील पडदा सुईने भेदण्याची रीत दाखविली. फुग्याचा विकासही याच सुमारास झाला. १९६३ मध्ये टॉमस फोगार्टी यांनी रोहिणीतील गुठळ्या फुग्याच्या कॅथेटरने ओढून काढल्या. १९६६ मध्ये विल्यम रॅशकिंड यांनी जन्मजात विकृती असलेल्या अर्भकांच्या अलिंदांमधील पडदा फुग्याने फाडून त्यांचे प्राण वाचविले. १९७७ मध्ये आंद्रेआस ग्रुंट्‌झिग यांनी झुरिकमध्ये हृदयाची स्वतःची रोहिणी फुग्याने रुंदावली. झडपेवरील पहिले सुस्पष्ट यश १९८२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील जीन कान व सहकाऱ्यांना फुप्फुस-रोहिणीच्या जन्मतः अरुंद झडपेवर मिळाले. त्या विकृतीतही दले कडांना जुळलेली असतात, ही बाब येथे नोंदविण्याजोगी आहे.

७. इनोउए यांचा फुगा

इनोउए हे मूळचे शल्यचिकित्सक. त्यांच्या साधनाची रचना पाहिली म्हणजे बोटाने शिकविलेला धडा त्यात कसा उतरला आहे ते कळते. साधा लांबट फुगा धडधडत्या हृदयात फुगविला तर तो झडपेतून पुढे किंवा मागे सटकतो. इनोउए यांनी रबराच्या दोन थरांमध्ये पॉलिएस्टरची बारीक जाळी बसविली आणि फुग्याच्या निरनिराळ्या भागांची ताणशक्ती वेगवेगळी ठेवली. त्यामुळे द्रव भरताच प्रथम पुढचा भाग फुगतो. तो निलयात फुगवून मागे ओढला की झडपेला खालून अडतो. मग मागचा भाग फुगून झडप दोन्ही बाजूंनी पकडली जाते. फुग्याची कंबर तेवढी चिकटलेल्या द्वारात राहते. शेवटी कंबर फुगते व चिकटलेल्या कडा उकलतात. हे सर्व काही सेकंदांत आटोपते. आतून धातूची नळी घालून फुगा ताणला की तो सडपातळ होतो, म्हणून नीलेतून व पडद्यातील छिद्रातून त्याला नेता येते.

भरलेल्या द्रवाच्या प्रमाणानुसार फुग्याचा व्यास बदलतो, त्यामुळे एकाच फुग्याने पायरीपायरीने द्वार रुंदावता येते व प्रत्येक पायरीनंतर दाब पाहून थांबता येते. तैवानमधील हुंग यांनी व्यास ठरविण्याचा एक सोपा नियम दिला : रुग्णाच्या सेंटिमीटरमधील उंचीला दहाने भागून त्यात दहा मिळवावे, दीडशे सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला २५ मिलिमीटर. बोटाचे स्पर्शज्ञान फुग्याला नाही. त्याची उणीव दाबाच्या मोजणीने व ध्वनिलहरींच्या साह्याने घेतलेल्या हृदयचित्राने, म्हणजे इकोकार्डिओग्राफीने, भरून काढली.

उपचार निर्धोक होता असे मात्र नाही. पडदा भेदताना सुई भलतीकडे गेल्यास हृदयाभोवती रक्त साठते. कडांऐवजी दल फाटल्यास कटलर यांच्या रुग्णांप्रमाणे रक्त उलट वाहू लागते व तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. अलिंदात गुठळी असल्यास ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून रुग्णाची निवड हा उपचाराचाच भाग ठरला. १९८८ मध्ये बॉस्टनमधील विल्किन्स व सहकाऱ्यांनी दलांची हालचाल, जाडी, चुन्याचा साठा व खालच्या तंतूंची अवस्था यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देण्याची पद्धती सुचविली. बेरीज आठ किंवा त्याहून कमी असेल तर फळ चांगले मिळते. कोणती झडप उकलण्याजोगी राहिली आहे, हे या गुणांकनाने रुग्णाला हात लावण्यापूर्वी ठरविता येऊ लागले.

८. पुराव्याचा भूगोल

नव्या साधनाची परीक्षा कोठे झाली हे पाहता एक आकृतिबंध दिसू लागतो. १९८५ मध्ये बॉस्टनचे जेम्स लॉक यांनी दिल्लीतील गोविंद वल्लभ पंत रुग्णालय व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था येथील खलीलुल्ला, श्रीवास्तव, बहल प्रभृतींबरोबर आठ मुलामुलींवर व तरुणांवर केलेल्या फुग्याच्या उपचाराचा वृत्तान्त दिला. १९८६ मध्ये रियाध येथील अल झैबाग व सहकाऱ्यांनी दोन फुगे शेजारी शेजारी ठेवून फुगविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १९९१ मध्ये हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधील राजू व अमेरिकेतील तुरी, रेयेस आदींनी ४० रुग्णांत फुगा व बंद शस्त्रक्रिया यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक वाटणी करून तुलना केली. १९९४ मध्ये त्याच गटाने ६० रुग्णांत फुगा व उघडी शस्त्रक्रिया यांची तुलना प्रसिद्ध केली. तीन वर्षांनंतर द्वाराचे सरासरी क्षेत्रफळ फुग्याच्या गटात २.४ व शस्त्रक्रियेच्या गटात १.८ चौरस सेंटिमीटर आढळले. १९९८ मध्ये ट्युनिशियातील मोनास्तीरच्या बेन फरहात व सहकाऱ्यांनी प्रत्येकी ३० रुग्णांचे तीन गट सात वर्षे पाहिले. फुगा व उघडी शस्त्रक्रिया समतुल्य ठरल्या व बंद शस्त्रक्रिया त्यांच्या मागे पडली. २००२ मध्ये पंत रुग्णालयातून ४,८५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला.

याची कारणमीमांसा दुहेरी आहे. रोग जेथे होता तेथेच रुग्ण मिळणार, हे उघड आहे. शिवाय येथील रुग्ण तरुण, त्यांची दले लवचिक, म्हणून तत्त्वाची परीक्षा शुद्ध स्वरूपात होऊ शकली. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. फुग्याची खरी तुलना बोटाशी, म्हणजे बंद शस्त्रक्रियेशी, व्हावयास हवी होती. आणि ती कला पाश्चात्त्य देशांत जवळजवळ लोपली होती. ज्या आर्थिक विवंचनेमुळे भारतात बंद पद्धती टिकून राहिली, तिच्यामुळेच तुलनेसाठी लागणारे निष्णात हात येथे शिल्लक होते. ज्याला मागासलेपण म्हटले जाई ते ज्ञाननिर्मितीचे अपरिहार्य साधन ठरले.

तथापि या घटनेचे केवळ गौरवीकरण करणे युक्त नाही. साधन परदेशी, रुग्ण गरीब देशातले, ही रचना नैतिक प्रश्नांपासून मुक्त नसते. या रुग्णांना उपलब्ध असलेला दुसरा उपाय छाती उघडण्याचा होता व फुग्याने त्यांचा लाभ झाला, ही एक बाजू. फुगा सिद्ध झाल्यावर त्याची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर राहिली, ही दुसरी. एकदाच वापरण्यासाठी बनविलेला कॅथेटर भारतात निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरण्यात आला, तो या विषमतेवरील व्यवहारी तोडगा होता. फ्रान्समधील रूआँ येथील आलँ क्रिबिए यांनी १९९० च्या दशकात धातूचा, पुन्हा वापरता येण्याजोगा विस्तारक बनविला, त्यामागेही हाच विचार होता. रचनेच्या दृष्टीने तो विस्तारक म्हणजे बंद शस्त्रक्रियेतील दोन पात्यांच्या उपकरणाचेच कॅथेटरवर बसविलेले रूप होय.

९. प्रतिदाखला : महारोहिणीची झडप

तत्त्व महत्त्वाचे की साधन, या प्रश्नाची कसोटी क्रिबिए यांच्याच कार्यात सापडते. १९८५ मध्ये त्यांनी वृद्ध रुग्णांच्या महारोहिणीच्या अरुंद झडपेवर फुगा वापरला. तात्पुरता आराम पडला, परंतु बहुसंख्य रुग्णांत वर्षभराच्या आतच द्वार पुन्हा आकसले. साधन तेच, हात निष्णात, मग फळ वेगळे का? वार्धक्यातील या विकारात दले कडांना चिकटलेली नसतात; त्यांच्या अंगात चुना साठून ती ताठ झालेली असतात. उसविण्याजोगी शिवणच तेथे नसते. फुगा चुन्याला तडे देतो, दले ताणतो आणि फुगा काढताच ती पूर्वस्थितीला येतात.

या अपयशातूनच पुढची वाट निघाली. जी झडप उकलत नाही ती बदलली पाहिजे, परंतु छाती न उघडता. डेन्मार्कमधील हेनिंग अँडर्सन यांनी १९८९ मध्ये डुकरांवर जाळीदार नळीत बसविलेल्या झडपेचे प्रयोग केले होते. १६ एप्रिल २००२ रोजी क्रिबिए यांनी रूआँ येथे अशी झडप प्रथमच मानवी महारोहिणीच्या जागी बसविली. येथे फुगा उपचार राहिला नाही, नवी झडप उघडून बसविणारे वाहन झाला. द्विदल झडपेच्या संधिज्वरजन्य आकुंचनात मात्र, दले लवचिक असतील तर, फुगा आजही स्वतःच उपचार आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, या उपचाराचा इतिहास सलग प्रगतीचा नाही. योग्य उत्तर १९२५ मध्ये हाती आले होते व प्रचलित सिद्धान्ताच्या दडपणाखाली ते तेवीस वर्षे दुर्लक्षित राहिले. त्या अवधीत किती रुग्ण उपचाराविना गेले याची गणती नाही. प्रयोगाच्या अपयशाइतकेच यशाकडे केलेले दुर्लक्षही मानवी जीविताची किंमत मागते. दुसरा, साधनाचे यश विकृतीच्या स्वरूपावर अवलंबून असते. बोट, पाती, फुगा व धातूचा विस्तारक ही चार साधने एकाच तत्त्वाची चार रूपे आहेत. जेथे ते तत्त्व लागू नाही तेथे त्यांतील सर्वांत प्रगत साधनही निष्प्रभ ठरते. तिसरा, ज्ञानाची निर्मिती आणि साधनाची निर्मिती यांची केंद्रे एकच असतात असे नव्हे. फुगा जपानमध्ये जन्मला, पण त्याचे मोल ठरले ते मुख्यत्वे जेथे रोग होता त्या देशांत.

एक मर्यादा या तिन्ही निष्कर्षांच्या पलीकडे उरते. उकललेली झडप काही वर्षांनी पुन्हा चिकटू शकते. फुगा रोगाचा परिणाम दूर करतो, रोग नव्हे. बालपणीच्या घशाच्या संसर्गावर वेळीच पेनिसिलिन, एकदा संधिज्वर झालेल्यांना वर्षानुवर्षे नियमाने टोचावयाचे दीर्घकाल टिकणारे पेनिसिलिन आणि मोकळी घरे यांनी समृद्ध देशांतून हा विकार हटविला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने संधिज्वर व तज्जन्य हृद्‌रोग यांविषयी ठराव केला, तेव्हाही हा रोग गरीब देशांतील तरुणांच्या अकाली मृत्यूचे एक प्रमुख कारण होता. द्विदल झडप उकलण्याची विद्या ज्या देशांनी जगाला सिद्ध करून दिली, त्याच देशांत ती झडप मुळात चिकटू न देण्याचे कार्य अपुरे राहिले. या विषयाच्या पुढील अभ्यासकाला आपला प्रश्न या विसंगतीतूनच घ्यावा लागेल.